नेपाळच्या शाळेत शिकवायला जायचंय? मग आधी तिथल्या मास्तरांचा विचार करा

मी नेपाळला जायचं ठरवलं तेव्हा आमची आजी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली होती, तिने मान वर न करता विचारलं, "तठे जाईसन काय करशी? आठे काय पोरे कमी शेतस का?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. चार महिने तिकडच्या एका डोंगरातल्या शाळेत राहून आले, आता थोडंफार देता येतं. आणि हल्ली अमळनेर-धुळ्याकडच्या डीएड-बीएड झालेल्या मैत्रिणी, कॉलेजची पोरं, एक रिटायर झालेले सर पण विचारतात की परदेशात गरीब मुलांच्या शाळेत व्हॉलंटिअर म्हणून जायचं तर कसं जायचं, पैसे मिळतात की आपणच भरायचे, व्हिसा लागतो का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे व्हॉलंटिअर हा एकच शब्द असला तरी त्याखाली तीन-चार अगदी वेगळे प्रकार येतात आणि लोक इथेच गोंधळतात. एक प्रकार आहे लांब मुदतीचा. अमेरिकेची पीस कोअर १९६१ पासून माणसं पाठवते, ती फक्त अमेरिकन नागरिकांना घेते त्यामुळे आपल्याला तिथे जाता येत नाही, पण त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे: एकूण २७ महिने, त्यातले पहिले तीन महिने नुसतं ट्रेनिंग आणि तिथली भाषा शिकणं. म्हणजे ज्यांनी हे काम साठ वर्षांहून जास्त केलंय त्यांना वाटतं की वर्गात पाय ठेवायच्या आधी तीन महिने लागतात! ब्रिटनची व्हीएसओ ही व्हॉलंटिअर पाठवणारी संस्था १९५८ ला सुरू झाली तेव्हा शाळा नुकतीच संपवलेली अठरा-अठरा वर्षांची पोरं पाठवायची, नंतर त्यांनीच ते बदललं आणि अनुभवी शिक्षक, नर्स, इंजिनिअर अशी माणसं घ्यायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांचा पण एक व्हॉलंटिअर कार्यक्रम आहे, युएनव्ही, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे, त्यात भारतीयांना अर्ज करता येतो आणि राहण्या-खाण्यापुरता महिन्याचा भत्ता मिळतो, पण तिथे निवड कडक असते आणि काम बऱ्याचदा शाळेत शिकवण्याचं नसतंच.

दुसरा प्रकार कॉलेजवाल्यांचा. आयसेक नावाची विद्यार्थ्यांची संघटना आहे, १९४८ पासूनची, १८ ते ३० वयाच्या मुलांना सहा ते आठ आठवड्यांसाठी दुसऱ्या देशात पाठवते. आणि तिसरा प्रकार म्हणजे एजन्सी. यात तुम्ही पैसे भरता, ते तुम्हाला एअरपोर्टवरून घेतात, राहायला देतात, दोन आठवडे शाळेत नाहीतर अनाथाश्रमात नेतात, शनिवार-रविवारी फिरवून आणतात आणि शेवटी सर्टिफिकेट देतात. मला पण आधी अशाच एका एजन्सीचा फोन आला होता, नाव सांगत नाही, दोन आठवड्यांचे इतके पैसे सांगितले की आमच्या घरी तेवढ्यात एका हंगामाचं बी-खत झालं असतं. मी विचारलं यातले शाळेला किती जातात, तर समोरची ताई म्हणे ते आमच्या तिथल्या पार्टनरवर अवलंबून असतं. मी विचारलं शाळेचं नाव काय, तर म्हणे ते पोचल्यावर कळेल. मी फोन ठेवला.

पैसे भरावे लागतात म्हणजे लगेच फसवणूक असं मात्र नाही हं. तुम्ही कुणाच्या घरी राहणार, जेवणार, कुणीतरी तुम्हाला गाव दाखवणार, आजारी पडलात तर दवाखान्यात नेणार, याला खर्च आहे आणि तो त्या गरीब शाळेने का करायचा? पण तो खर्च कशाचा किती ते स्पष्ट सांगणारी संस्था आणि न सांगणारी संस्था यात फरक आहे, तो फरक फोनवरच कळतो.

आता अनाथाश्रमाचं बोलते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि चांगल्या मनाच्या लोकांकडून होतं. आपल्याला वाटतं अनाथाश्रमातली मुलं म्हणजे आईबाप नसलेली. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्या काळात तिथे ना युद्ध होतं ना साथ, वाढले होते ते पर्यटक. तिथल्या आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांची आई किंवा बाप जिवंत होता. नेपाळमध्ये पण तेच: नोंदणी झालेले बहुतेक आश्रम काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्याच भागांत, आणि मुलं आणलेली हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून.

हे होतं कसं ते समजून घ्या. १९९६ ते २००६ नेपाळात माओवाद्यांचं युद्ध चाललं होतं, गावागावांत आईबाप घाबरलेले, तेव्हा दलाल जायचा आणि म्हणायचा पोराला काठमांडूला चांगल्या बोर्डिंगमध्ये घालतो, आईबाप जमीन-जनावर विकून वर त्यालाच पैसे द्यायचे. तिकडे पोराचे कागद बदलले जायचे, आई मेली बाप मेला असं लिहिलं जायचं, आणि हा कागदावरचा अनाथ आश्रमात बसवला की परदेशी लोक देणग्या द्यायचे. आपल्याकडे रावेर-सावद्याला कसं, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी राहिली की केळी कापायला काढतातच, तसं गिऱ्हाईक आलं की माल निघतो, इथे माल म्हणजे पाच-सहा वर्षांचं पोर होतं. लिहिताना पण अंगावर काटा येतो. २०१५ च्या २५ एप्रिलला मोठा भूकंप झाला तेव्हा हेच पुन्हा वाढेल म्हणून नेपाळ सरकारने मुलांना आईबापांशिवाय किंवा परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या वेळी या धंद्याची दखल घेतली, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावात पण अनाथाश्रमातल्या व्हॉलंटिअर पर्यटनाबद्दल इशारा आला.

बरं, आश्रम अगदी प्रामाणिक असला तरी? तरी दोन आठवड्यांची माणसं तिथे नकोत. लहान पोर माणसाला चिकटतं, आणि आपल्याला वाटतं बघा किती प्रेमळ आहे, आल्या आल्या मांडीवर येऊन बसलं. घरात वाढलेलं चार वर्षांचं पोर अनोळखी बाईच्या मांडीवर असं बसत नाही हो, ते आईच्या पदरामागे लपतं. जे लगेच बसतं त्याला एक ठरलेलं माणूस मिळालेलंच नसतं. रोमानियात बुखारेस्टला २००० साली एक अभ्यास सुरू झाला, १३६ लहान मुलं, त्यातली निम्मी संस्थेतून काढून पालक-कुटुंबात ठेवली, आणि पुढची कित्येक वर्षं दिसत राहिलं की कुटुंबात गेलेल्या मुलांची बोली, बुद्धी, माणसांशी जोडलं जाणं, सगळं बरं होत गेलं, त्यातही जितकं लवकर नेलं तितकं जास्त. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, अनाथाश्रमात व्हॉलंटिअर म्हणून जाऊच नका, कुठल्याच देशात नको. शाळेत जा. शाळेतलं पोर चार वाजता आपल्या घरी जातं, त्याची आई घरी असते, तुम्ही गेल्याने त्याचं जग तुटत नाही.

पण शाळेतही वेगळ्या प्रकारची चूक होते आणि ती मी स्वतः केली.

त्याआधी जरा मागचं सांगते. मी नेपाळच्या आधी दीड वर्षं धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर होते. तिथे पाहुणे यायचे. मोठ्या शहरातून गाडी यायची, पोरांना रांगेत बसवायचं, पेन्सिल-वही वाटप, एक गाणं, एक खेळ, फोटो, आणि तीन वाजता गाडी परत कारण घाट अंधारात नको. त्या दिवशीचे सगळे तास बुडायचे. आमची पोरं पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, पाहुणे भराभर शहरी मराठीत विनोद करायचे आणि पोरं हसायची कारण पाहुणे हसतायत. एकदा पहिलीतल्या एका पोराने मिळालेलं खोडरबर दोन दिवस तोंडात धरलं होतं, त्याला स्ट्रॉबेरीचा वास होता ना. मी ते पाहुण्यांच्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं, मी मास्तरणीच्या बाजूने बघत होते, आणि तरीही नेपाळला गेल्यावर पहिले पंधरा दिवस मी तंतोतंत पाहुणी झाले.

शाळा पाल्पा जिल्ह्यात, सरकारी, तिकडे सामुदायिक विद्यालय म्हणतात. एका ओळखीच्या सरांमुळे तिथल्या हेडसरांशी आधी तीन-चार वेळा फोनवर बोलणं झालं होतं. भाग मगर लोकांचा, लहान पोरं घरी मगर भाषा बोलतात, शाळेत नेपाळी, आणि वरून इंग्रजीचं ओझं. म्हणजे अगदी धडगावचंच चित्र, घरी पावरी, शाळेत मराठी, वर इंग्रजी. पुष्कळ पोरांचे वडील बाहेरगावी, कुणाचे कतारला, कुणाचे मलेशियाला, कुणाचे आपल्याकडे वॉचमन. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर माझ्या जिल्ह्याचं नाव लिहिलं, जळगाव. लिपी एकच, त्यामुळे मला वाटलं सगळे खडखडीत वाचतील. चौथीतली एक मुलगी "ज" वाचून थांबली, बोटाने हवेत ते अक्षर गिरवून बघितलं आणि विचारलं, "मिस, यो कुन अक्षर हो?" नेपाळीत ळ नाहीच! मग तो दिवस सगळा वर्ग ळ म्हणत बसला, कुणाचा ल व्हायचा, कुणाचा र, आणि मला इतकी मजा आली की मी ठरवूनच टाकलं, आपण इथे छान शिकवतोय.

शिकवत होते पण वर्ग घेत होते तिथल्या मॅडमचा. त्या मॅडम मला वर्ग देऊन स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायच्या, मला वाटायचं मी त्यांचा भार हलका करतेय. तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला, चार दिवस पडून होते. परत गेले तर कळलं चार दिवस चौथीचं इंग्रजी झालंच नाही, कारण मी धड्यांचा क्रम सोडून माझ्या मनाने गाणी-खेळ घेतले होते आणि मॅडमना कळत नव्हतं पुढे कुठून धरायचं. आणि पोरांनी मॅडमना सांगितलं, तुम्ही नको, इंडियाची मिस येऊ दे. मॅडमच्या तोंडावर सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा करून दिला मला. त्या चहाचा घोट गळ्याखाली उतरत नव्हता.

तिथून सगळं बदललं. मी वर्ग परत दिला आणि मॅडमच्या शेजारी मागच्या बाकावर बसायला लागले. कोण कुठे अडतंय ते टिपायचं आणि सुटीत दोघींनी बोलायचं. आपल्याकडे 'प्रथम' नावाची शिक्षणात काम करणारी संस्था आहे, तिची एक पद्धत आहे, मी धडगावला वापरायचे: पोर कितवीत आहे ते बाजूला ठेवायचं आणि त्याला वाचता काय येतं ते बघायचं. अक्षर येतं का, शब्द येतो का, चार ओळींचा उतारा येतो का, गोष्ट येते का, आणि त्या पातळीप्रमाणे रोज तासभर गट पाडून शिकवायचं. ही पद्धत आपल्याकडून आफ्रिकेत झांबियापर्यंत गेलीय, आणि हे फार कमी लोकांना माहिती असतं, आपल्याला वाटतं चांगलं काही असेल तर ते बाहेरूनच येतं. आम्ही तिसरी ते पाचवीची सगळी पोरं एकेक करून बसवली, नेपाळीचं वाचन तपासलं. पाचवीतली काही पोरं शब्दावरच अडकलेली निघाली, आणि तिसरीतली एक बारकी मुलगी गोष्ट घडाघडा वाचून गेली. शब्दांचे कार्ड बनवले, पुठ्ठा मिठाईच्या बॉक्सचा, अक्षर मॅडमचं, कारण माझ्या नेपाळीत चुका व्हायच्या आणि त्या कार्डावर उतरल्या असत्या. मगर शब्द पोरांनीच सांगितले. मी कात्री धरायचे, खरंच, महिनाभर माझं मुख्य काम कात्री आणि रजिस्टर. पण मी नसले तरी तो तास व्हायचा.

म्हणून कुणी विचारलं की मी तिथे जाऊन काय करू, तर मी आधी विचारते तुम्हाला मास्तरांच्या कोणत्या कामाला हात लावता येईल? विज्ञानाचे प्रयोग बसवून देता येतील, लायब्ररीची पुस्तकं पातळीप्रमाणे लावता येतील, कॉम्प्युटर धूळ खात पडलेला असतो तो चालू करून एका शिक्षकाला शिकवता येईल, शाळेचे हिशोब लिहायला मदत होईल. आणि बांधकाम-रंगकाम मात्र तिथल्या गवंड्याला करू द्या, त्याची रोजी आहे ती, तुमच्यापेक्षा भिंत पण सरळ बांधेल. साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० असे सहा वर्षं होते, वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांच्या अंथरुणाच्या घड्या घालायचे असं आमच्याकडे जुनी माणसं अजून सांगतात. सहा वर्षं आपल्याला कुठून जमणार, पण दोन आठवड्यांत काही होत नाही हे मात्र खरं आहे, निदान तीन महिने हातात असतील तरच निघा.

किती दिवस, यानंतरचा प्रश्न मुलांच्या सुरक्षेचा. चांगली शाळा तुम्हालाच प्रश्न विचारते. पोलिसांचा दाखला मागते, म्हणजे पीसीसी, तो आपल्या पासपोर्ट सेवा पोर्टलवरून ५०० रुपयांत निघतो, मग स्थानिक पोलीस स्टेशनकडून तपासणी होते. आधी जिथे काम केलं तिथल्या दोन माणसांचे नंबर मागते. काहीच न विचारता सरळ वर्गात सोडत असतील तर हुरळून जाऊ नका, ते जसं तुम्हाला सोडतात तसं कुणालाही सोडत असणार. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, एकाच मुलाला गिफ्ट द्यायचं नाही, घरी बोलवायचं नाही, आपला पर्सनल नंबर द्यायचा नाही, आणि फोटो. फोटोचं मी फार कडक धरते. आपल्या भाचीचा फोटो फाटक्या फ्रॉकवर, शेंबडं नाक, असा कुणी अनोळखी माणसाने इन्स्टावर टाकला आणि खाली लिहिलं गरीब पण हसरी, तर आपण त्याला सोडू का?

कागदपत्रांचं बघू. नेपाळ आपल्याला सगळ्यात सोपं आहे कारण १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसाच लागत नाही, तिथे राहता येतं. बाकी देशांच्या लोकांना टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटिअरिंग चालत नाही, म्हणजे आपल्याला जी सवलत आहे ती मोठी आहे. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधारच्या भरवशावर निघू नका, विमानाने जाताना १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार चालत नाही. मी रेल्वेने गेले, भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेस थेट गोरखपूर, तिथून बस सोनौली बॉर्डर, कमानीतून पायी पलीकडे, मग बुटवल आणि तिथून सिद्धार्थ राजमार्गाने वर तानसेन, म्हणजे पाल्पाचं जिल्ह्याचं ठिकाण. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६० रुपया, हा दर १९९३ पासून तसाच बांधलेला आहे, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. त्या हिशोबाने एक गोष्ट कळली होती मला, लहान वर्गांना दुपारचा खाऊ मिळतो, दिवा खाजा म्हणतात, त्याला मी होते तेव्हा सरकार पोरामागे १५ नेपाळी रुपये द्यायचं, म्हणजे आपले साडेनऊ पण नाही, त्यात चिउरा म्हणजे आपले पोहे आणि वाटाणे बसवताना हेडसरांची कसरत मी रोज बघायचे.

आफ्रिकेत जायचं असेल तर सगळं वेगळं. केनिया, युगांडाला जाणार असाल तर यलो फीवरची लस जायच्या निदान १० दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट जन्मभर चालतं, आणि ते नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. टांझानियात व्हॉलंटिअरला राहण्याचा परवाना लागतो, क्लास सी म्हणतात. कुणी म्हणालं टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं आम्ही बघू, तर नाही म्हणा, कारण पकडले तर तुम्ही पकडले जाणार. आणि टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते, तेव्हा इंग्रजी येतं एवढ्यावर जाऊन उपयोग नाही.

पैसे द्यायचे असतील, म्हणजे मित्रमंडळींकडून गोळा करून शाळेला काही घेऊन द्यायचं असेल, तर हेडसर आणि पालकांची व्यवस्थापन समिती दोघांना बसवून विचारा, आणि समितीच्या रजिस्टरला नोंद करून द्या. मी हौसेने स्केचपेनचे बॉक्स नेले होते, त्यांना पाहिजे होता पाण्याच्या टाकीचा नळ.

आणि वेळ नीट निवडा. नेपाळात विक्रम संवत चालतं, शाळेचं नवीन वर्ष वैशाखात म्हणजे आपल्या एप्रिलच्या मध्यापासून, पहिले काही दिवस ॲडमिशन आणि पुस्तकं येण्यात जातात. आपल्या नवरात्राच्या सुमाराला दसैं आणि मग दिवाळीला तिहार, तेव्हा लांब सुट्या, सगळे आपापल्या घरी. मी होते तेव्हा शनिवारी सुटी आणि रविवारी शाळा, पहिल्या रविवारी मी साडेनऊपर्यंत झोपले होते आणि दोन पोरं दारात येऊन हाका मारत होती. साधारण मेच्या सुरुवातीला पोचलात तर दसैंपर्यंत बरेच वर्ग मिळतात, मध्ये पावसात रस्ते बंद पडतात तेवढं धरून चाला, डोंगर खाली येतो तिकडे. निघायच्या आधी हेडसरांशीच नाही, ज्यांच्या वर्गात बसणार त्या मास्तरांशी किंवा मॅडमशी एकदा फोनवर बोला आणि विचारा तुमच्या वर्गात सध्या काय अडतंय. माझ्या मॅडमशी मी पहिल्यांदा बोलले ते तिथे पोचल्यावर. आता महिन्यातून एकदा तरी बोलणं होतं, मागच्या वेळी त्या सांगत होत्या कार्ड झिजलेत, पावसाने पुठ्ठा मऊ पडला, या वर्षी पाचवीच्या पोरींनीच नवीन कापायला घेतलेत.